दृष्टीआड

दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी
डाइंझेच्या शाळेच्या पटांगणात मी ट्रक लावतो.
इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांखाली लाकडी पाचरी;
तेवढं केल्याशिवाय लुटगार्ट बाईंना चैन पडत नाही.
मग पिवळी ताडपत्री अंथरतो,
केबिनच्या उजव्या दारापासून मागं रुंदावत जाणारी,
चतकोरासारखी.

पाचवीची चोवीस मुलं सायकली धरून तिच्यावर उभी राहतात,
दाटीवाटीनं, एकमेकांच्या पायांवर पाय देत.
एकेक जण वर चढून माझ्या सीटवर बसतो.
पाय पेडलला पुरत नाहीत.
"आरसे किती?" मी विचारतो.
सहा.
"आणि मुलं?"

एकानं मागं एकदा विचारलं होतं,
"घरी गेली का सगळी?"

दिव्याखाली अंधार, तसा आरशाखाली
एक अख्खा वर्ग मावतो.

हे सगळं मला पाठ आहे. अकरा वर्षं झाली.
सांगत नाही ते असं:
गाडीत उणे अठरा अंशांवर गोठलेला वाटाणा होता,
जून होता, दुपारचे दोन,
सिग्नल हिरवा झाला, मी उजवीकडे वळलो
आणि मला वाटलं, फुटपाथची कड लागली.

फुटपाथची कड.

गोडेलीव्ह डे ब्राउवर, वय एकसष्ट.
टोपलीत लीकच्या तीन जुड्या,
त्यातली एक धड राहिली,
मुळांना माती तशीच.

कोर्टात मी म्हणालो, इंडिकेटर दिला होता.
दिला होता. कागदावर आहे ते.
तिचा मुलगा मागच्या बाकावर
हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.
तो सायकलनं आला होता.

लोक म्हणाले, तुझं काय चुकलं, बावो,
दृष्टीआड सृष्टी.
वाईट नव्हते ते लोक.
मलाही बरं वाटलं, एक हिवाळाभर.

यंदा मेरेल नावाची एक मुलगी, दातांना तार,
वर चढली, सहा आरसे पाहिले
आणि खाली उतरेचना.
"आता तुम्ही उभे राहा तिथं."

मुलं बाजूला सरली.
ताडपत्री मी अंथरली आहे, धुतली आहे,
घडी घालून गॅरेजमध्ये ठेवली आहे अकरा वेळा.
तिच्यावर उभा कधी राहिलो नव्हतो.

चाक कमरेच्या वर येतं.
उभ्या गाडीच्या रबरालाही वास असतो, तापलेला.
मी मान वर केली, मुलांना शिकवतो तसं:
आरशात ड्रायव्हरचे डोळे शोधा,
ते दिसले तर तुम्ही दिसता.
आरशात ढग होते
आणि चेस्टनटच्या झाडाचा शेंडा.

"दिसतो का मी?"
"नाही!" मेरेल ओरडली, खुशीत,
गणित सुटल्यासारखी.

किल्ली अर्ध्यावर राहिली होती, माझीच चूक.
तिचा हात कशाला तरी लागला असणार.
दिवा केबिनच्या वळणापलीकडं, मला दिसेना;
नुसता नारिंगी रंग
माझ्या बाहीवर येत होता, जात होता.
आभाळ भरलेलं होतं म्हणून कळलं.
जूनच्या उन्हात तेवढंही नसतं कळलं.

आणि ती टिकटिक,
जी मी झोपेतही ऐकतो,
जिच्यावर हात ठेवून मी शपथ घेतली असती,
ती आतच वाजते.
खाली काहीच येत नाही.

लुटगार्ट बाई म्हणाल्या, "मेरेल, उतर आता. घंटा होईल."
"थांबा ना."

ती सीटवरून उठली.
शेजारच्या सीटवर गुडघा टेकला,
उजव्या खिडकीशी येऊन
काचेला नाक लावलं,
आणि वाकून खाली बघितलं.

एवढंच केलं तिनं.
दोन सेकंद लागले असतील.

"दिसलात," ती म्हणाली.