झाकणाची मूठ

त्सुबामे गावात, किटलीच्या आठव्या नमुन्याभोवती
चार खाती बसलेली.
नागुमोला तोटी हवी बगळ्याच्या मानेसारखी,
हिशेबखात्याला ती बोटभर आखूड.
कारखान्यातला कुरामोची म्हणतो,
"वाकेल, पण पत्रा रडेल."
विक्रीवाले अजून रंगांवरच अडलेले.

तक्रारींचे फोन घेणारी हिसाए
आत आली, तेव्हा वाटलं चहा आला.
तिच्या हातात वही होती.
"साकाताच्या आजी झाकण बाहीने धरून उचलतात.
चौथा फोन. मूठ तापते."

कुरामोचीने खिशातून चेरीच्या लाकडाचा तुकडा काढला,
किती दिवस वागवत होता कोण जाणे,
झाकणावर ठेवून पाहिला.

हिशेबखात्याने किंमत विचारली
आणि उत्तराआधीच
तोटी आणखी अर्धं बोट कापली.

"बदक," नागुमो पुटपुटला,
आणि नवा कागद ओढला.