पुडी

धुळ्याहून निघालो तेव्हा ट्रंकेत होतं
शास्त्र, काळा कोट,
सदऱ्यात गुंडाळलेली कंदिलाची काच
आणि एकोणीस पानांचं प्रवचन.
योहान, अध्याय तेरावा: पाय धुण्याविषयी.
अक्षर माझं चांगलं.
नगरच्या शाळेत त्यासाठी बक्षीस मिळालेलं.

नंदुरबारला मोटार बदलली.
पथारीवर मिरची वाळत होती, नजर पोचेल तिथवर लाल,
अख्खा स्टँड शिंकत होता.
मी नाकाला रुमाल धरून
पहिलं वाक्य घोळवत उभा.

तळोद्याच्या पुढे बैलगाडी.
मिशनचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी,
मोहाच्या झाडापासून खांबापर्यंत दोरी,
दोरीवर पट्ट्या.
खाली चुलीवर पातेलं रटरटत होतं,
त्यात आणखी पट्ट्या,
आणि काठीने त्या ढवळणारी राहेलबाई वळवी.

मी म्हणालो, मी नवा प्रचारक.
तिने माझ्या हातांकडे पाहिलं.
"बठ," म्हणाली. "पह्यले ह्या गुंडाय."

गुंडाळल्या. सैल झाल्या.
तिने काही न बोलता उलगडल्या,
मांडीवर ताणून पुन्हा गुंडाळल्या.
एकतीस वर्षं ती हेच करत होती.
विलायतेला जाणाऱ्या अहवालात तिचं नाव नसे,
जमाखर्चाच्या वहीत मात्र एक ओळ असे:
पट्ट्या, धुलाई, रुपये सात.

रविवारी मी कोट घातला.
ऐकायला आले कंपाउंडर शांतवन,
राहेलबाई, आणि तिच्या मागे आलेली शेळी.
बाकी सगळे बाजाराला.
पहिलं पान संपायच्या आत
पडवीत कुणीतरी खोकलं.

जतऱ्या पावरा. डोंगरावरून दोन दिवस चालत आलेला,
टाचेला सागाची पानं बांधलेली.
राहेलबाईने घमेलं माझ्यापुढे सरकवलं,
जांभळं पाणी, त्यात वाफ.
मी गुडघ्यावर बसलो. कोटाची बाही वर केली.
मनात म्हणालो, प्रभू, बघतोस ना.

पानं सुटली.
आणि मी तोंड फिरवलं.
एवढंसंच. पापणी लवावी तेवढं.

त्याने ते पाहिलं.
दोन्ही हातांनी पाय झाकला,
माझ्यापासून वाचवावा तसा नाही,
मला वाचवावं तसा.
पुटपुटला काहीतरी. मला पावरी येत नव्हती.
राहेलबाई म्हणाली,
"तो म्हणतोय, लई वास येतो, भाऊ. माफी कर."

पुढचं सगळं तिने केलं.
मी पाणी बदललं. तीनदा.
त्या दिवशी तेवढंच जमलं.

पावसाळ्यात खांडसरीच्या रस्त्याला पूर आला,
शहाद्याहून कागद येईना.
शांतवन दारात येऊन डोकं खाजवत म्हणाला,
मास्तर, पुड्या बांधायला काही आहे का?
क्षणभर मी ट्रंकेकडे पाहिलं.
मग दिलं.
एकोणीस पानं, चार चार तुकडे.
सल्फा, सोडा, जंताचं औषध.
ते प्रवचन अशा घरांत गेलं
जिथे मी गेलो नसतो,
गेलो असतो तर दाराशी वाकायचं विसरलो असतो.

होळीच्या आधी जतऱ्या आला,
लंगडत, पण स्वतःच्या टाचेवर.
कमरेच्या फडक्यातून एक पुडी काढली,
माझ्याच तळहातावर ठेवली.
आत चारोळी. मूठभर, फोडून सोललेली.
किती दुपारी लागल्या असतील.

कागदावर माझंच सुंदर अक्षर,
अर्धं वाक्य, घामाने फुटलेलं:
"...आणि उठून त्याने कमरेला..."
पुढे फाटलेलं.

मी चारोळी खाल्ली. दोनचार दाण्यांना शाई लागली होती.
राहेलबाईने कागद मागून घेतला,
सरळ केला, घडी घातली,
चुलीवरच्या फळीवर ठेवला.
म्हणाली, कामा येईन.

मग पातेल्याखाली लाकूड सारलं
आणि काठी माझ्या हाती दिली.