अष्टमीचा भांग

मिरकरवाड्याच्या जेटीपासून आमचं केंद्र चालत सात मिनिटं.
खिडकीतून मासळीचा वास, आत स्पिरिटचा.
टेबलावर वही, पाण्याचा जग,
कुलपात पांढऱ्या गोळ्या, मसुरीहून लहान.

हरेश्वर जाक्कर, वय चौतीस, ट्रॉलरवर विंच सांभाळायचा.
वायर तुटून कमरेत बसली,
इस्पितळात दोन दिवस मॉर्फिन.
टाके वाळले, तहान राहिली.
आधी एका पुडीत भागायचं,
गणपतीपर्यंत तीन, शिमग्याला नऊ,
आणि नवव्या पुडीत पहिलीच्या पासंगालाही काही नाही.
"मडक्याला भोक पडल्यागत, सिस्टर. नुसता वतत ऱ्हायाचा."

पहिल्या दिवशी खोटं बोलला,
"काल सकाळपास्नं काय नाय घेतला."
जिभेखाली गोळी ठेवली.
अर्ध्या तासात अंगावर काटा, जांभयांवर जांभया,
बाकाखाली ओकारी, मला आईवरून शिव्या.
मी त्याचं डोकं धरून बसले.
रक्तात रात्रीची पुडी होती अजून.
ही गोळी एवढीशी, पण पकड खेकड्याची:
आधी बसलेल्याला उठवते, जागा बळकावते,
आणि मग किल्ली अर्धीच फिरवते.

दुसऱ्या खेपेला आला तो कुडकुडत, नाक गळत,
खरं बोलत.
मग बसली.

दोन महिन्यांनी विचारलं, कसं वाटतं रे?
म्हणाला, "भांग हाय."
मी कराडची. भडकले.
म्हटलं, आता तीही सुरू केलीस?
तो हसला. त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.
"प्याची नव्हं गे बाय, पान्याची.
अष्टमीला पानी चढतंय, पन धक्क्याच्या तिसऱ्या पायरीव थांबतंय.
उतरतंय, पन बोट चिखलात बसत नाय.
पुडी म्हंजे अवसेचा उधान."

डॉक्टरांची सहा व्याख्यानं ऐकली होती मी, डब्यासकट.
हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं.
दोनाच्या चार करा, चाराच्या आठ,
एका रेघेवर पाणी थांबतं,
श्वास वरच राहतो.
वहीत चैत्रापासून त्याच्या नावापुढे तोच आकडा,
खाडाखोड नाही.
मी एवढंच बजावलं:
वर दारू ओतलीस, झोपेच्या गोळ्या टाकल्यास,
तर भांगाचंही उधाण होतं.
आणि ही सोडतानाही अंग दुखेल.
फुकट काही नाही.

दिवाळीनंतर तो आईचा कागद घेऊन आला.
द्वारकी जाक्कर, मणक्यापर्यंत पसरलेला.
"तिला पन माझीच द्या. चांगली हाय ती."
डॉक्टरांनी मान हलवली, मॉर्फिन लिहिलं.
दर चार तासांनी दहा,
मग वीस, मग चाळीस.
म्हातारीच्या दुखण्याला तिसरी पायरी नव्हती,
ते चढेल तसं पाणी चढू द्यायचं.
हरेश्वर कागदाकडे बघत राहिला.
ज्याने आपल्याला बुडवलं
तेच आईला तरंगवणार,
हे गिळायला त्याला जगातलं पाणी लागलं.

डब्याची किल्ली वहिनीच्या गळ्यात, काळ्या मण्यांशेजारी.
पण पौषात वहिनीला ताप भरला
आणि तीन रात्री किल्ली त्याच्याकडे.

चौथ्या सकाळी तो डबाच घेऊन आला.
"मोजा."
मोजल्या. सव्वीस. कागदाशी ताळा जुळला.
मी काहीतरी कौतुकाचं बोलणार, तेवढ्यात म्हणाला,
"शाबासकी नको. मी काय साधू नाय झालो.
दुसऱ्या राती झाकन उघाडला व्हता.
मग आठवला, आत जागाच नाय.
खेकडा बसलाय."

बाहेर लिलावाचा आवाज चढला होता, बांगडा आला असणार.
मी वहीत तारीख घातली, गोळी दिली,
दहा मिनिटं घड्याळाकडे बघितलं.
"जीभ वर कर."
त्याने केली.