प्रश्न चौदा

(नुनावुत, फेब्रुवारी)

या घरात किती जण झोपतात?
उलायुक हसली. "केव्हा?"

रात्री सहा.
पहाटे पाळीवरून आलेला जावई
लेकीनं सोडलेल्या उबेत शिरतो,
गादी निवायच्या आत.
शाळा नसली की दोन नाती.
आणि भाऊ,
त्याच्या घरी भांडण झालं की.

मी चौदावर बोट ठेवून बसले.
फॉर्मला एकच आकडा हवा होता.

जमिनीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर सीलचं मांस,
अर्धगोल सुरीनं ती कापत होती,
येईल त्याला तुकडा. मलाही.
खिडकीच्या कडेला आतून बर्फ धरलेला.
पडद्याआड कुणीतरी खोकलं, बराच वेळ.
सोळावा प्रश्न खोकल्याचाच होता.
तो मी हळू विचारला.

"मागच्या साली एक आली होती,
तिचे बूट ओले होते, वाळवून दिले.
काय निघालं गं पुढे?"

मला माहीत नव्हतं.

वादळानं विमान परवावर ढकललं.
उलायुकनं काही न विचारता
एक उशी माझ्याकडे सरकवली,
कुणाची, ते कळलं नाही. अजून कोमट होती.

मी लिहिलं: दहा.
मग समासात, जिथे लिहायचं नसतं तिथे,
बारीक अक्षरात:
आज अकरा.