अठ्ठेचाळीस तारा

उद्यमनगरात, फौंड्रीच्या भिंतीला लागून,
इलाही शिकलगार चाक उचलून धरतो
आणि पान्याच्या टोकानं एकेक तार वाजवतो.
सव्विसावी बद्द बोलते.
“ही मागनं घातलीय कुणीतरी.”

मालक मोबाईल पुढं करतात:
विलायतेतली एमजी,
चाकं क्रोमची, रुखवतातल्या ताटासारखी.
“अशीच करा मिस्त्री. खर्चाचं बघू नका.”

इलाही नखानं खरवडत बसतो.
काळा, खाली हिरवा,
मग कुणाच्या तरी हौसेचा सोनेरी,
आणि तळाशी
साधा रुपेरी रंग,
ढगाळ दुपारच्या रंकाळ्याइतका फिका.
“हा होता.”

डाव्या चाकाच्या नटाला उजवे आटे, उजव्याला डावे;
गाडी पळेल तसा नट आवळतच जातो.
त्याचे कान झिजलेत, बाण अजून दिसतो.
“तांब्याच्या हातोडीनं मार,” मला म्हणतो,
“लोखंडाचा वण जात नाही.”

मालक वाकले, चष्मा पुसला.
“अण्णा सांगायचे, चाकं चांदीची होती.
आम्ही हसायचो.”

क्रोमचं कुणी पुन्हा काढलं नाही.
निघताना म्हणाले,
ती सव्विसावी राहू दे.
इलाहीनं ती जरा ताणली, वाजवली.
अजून बद्दच.