मागची सीट

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून
शनिवारी पहाटे निघालो बिश्केकहून,
इसिक-कुलच्या तळ्याकडे.
स्टिअरिंगवर मी.
शेजारी मेलिस, मांडीवर केकचा खोका
तान्हं मूल धरल्यासारखा.
मागे आई-बाबा.

एवढंच. पण हे दोघं
मागच्या सीटवर शेजारी शेजारी
आजवर कधी बसलेच नव्हते.

बाबाचं नाव सपार, म्हणजे प्रवास.
सव्वीस वर्षं त्यानं पावाचा ट्रक हाकला
आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला.
पुढच्या सीटवर कायम कुणी ना कुणी:
मोठे काका, शेजारचे मास्तर,
एका वर्षी तर पट्टा बांधलेलं शिवणयंत्र.
आई मागे. आम्हा तिघांनाही गाडी लागायची
आणि पिशवी धरायला कुणीतरी हवंच.
"तुझ्या बापाची मान मला तोंडपाठ आहे," ती म्हणायची,
"तोंडाचं सांगता येणार नाही."

फेब्रुवारीत डॉक्टरनं काचबिंदू सांगितला.
समोरचं दिसतं, कडा विरत चालल्यात,
बोगद्यातून बघावं तसं.
किल्ली त्यानं टेबलावर ठेवली, काही न बोलता.
लायसन्स मात्र खिशात आहे अजून.

तोकमोकपर्यंत तो मागे बसून ब्रेक दाबत होता,
माझ्या पाठीला त्याचा बूट कळत होता.
"चौथा टाक."
"टाकलाय, बाबा."
"ट्रक येतोय."
"दिसतोय."
मग गप्प.
आरशात पाहिलं तर दोघं आपापल्या खिडकीला चिकटून
आणि मधोमध कलिंगड,
लग्न जुळवायला आलेल्या मध्यस्थासारखं.

बूम घाटात डोंगर लाल होत गेले.
खाली चू नदी, गढूळ, घाईत.
वर कड्यावर एक बकरी, तिला घाई नव्हती.
बाबानं काचेला नाक लावलं.
"कानिशाय, हे सगळं इथून दिसायचं?
एवढी वर्षं तू हे बघत होतीस?"
"छे. मी पिशवीत बघत होते."

मेलिस इतका हसला की खोका कलला,
आणि चाळिसातलं शून्य
झाकणाला चिकटून वर आलं.

पुढची वळणं मी हळू घेतली.
तरी तिसऱ्या की चौथ्या वळणावर बाबाचा आवाज बंद.
चेहरा सोललेल्या मुळ्यासारखा.
ज्याच्या पोटातलं पाणी सव्वीस वर्षं हललं नव्हतं
त्याला गाडी लागली होती.

मी थांबायला जागा शोधेपर्यंत
आईनं कलिंगड पायाशी ढकललं,
पर्समधून पिशवी काढली, फुंकर मारून उघडली.
(आमची बुरूल पस्तिशीला आली, मॉस्कोत असते,
तरी पर्समध्ये पिशवी आहेच.)
एक हात पिशवीला, एक त्याच्या मानेवर.
"लांब बघ. जवळचं बघू नकोस.
हे कुरुत चघळ, आंबट आहे, बरं वाटेल."
हेच शब्द, याच चालीत,
आम्हाला.

बालिक्चीला रस्त्याकडेला दोऱ्यांवर धुरावलेले मासे.
ते बघून बाबानं दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं
आणि तिथे तळं होतं.
निळं, आडवं,
आता त्याच्या नजरेत एकदम न मावणारं.
तो ते तुकड्या-तुकड्यानं बघत राहिला,
डावीकडून उजवीकडे,
वाचल्यासारखं.

केक बोनेटवर कापला. त्यावर नुसते चार.
मेलिस ओशाळला.
आई म्हणाली, "असू दे.
आम्ही दोघं नुसते बसलो असू
ते दिवस मोजले तर चारच भरतील."
बाबानं वाद घातला नाही. कदाचित मोजत असेल.

निघताना मी म्हटलं, बाबा, पुढे बस,
पुढे लागत नाही.
मेलिसनं दार उघडून धरलं.
बाबा मागे गेला.
कलिंगड उचललं, मेलिसच्या मांडीवर दिलं,
आणि मधल्या रिकाम्या जागेत सरकून बसला.

शेजारी बसलेलं माणूस त्याला आता दिसत नाही.
बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते.

चोल्पोन-अता ऐंशी किलोमीटर.
मी आरसा वर सरकवला,
मागचे ट्रक दिसेनासे झाले, चालायचंच.

रात्री त्याची मान इतकी अवघडली
की डोकं सरळ होईना.
आई तेल कोमट करून आणली,
दिवा मालवला,
चोळता चोळता म्हणाली,
"हां. ही ओळखीची."