कलम चार

हेलेना, मोंटाना. जानेवारी. उणे एकवीस.
कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर मीठ टाकलंय,
बुटांखाली ते करकरतं.
माझ्या बॅगेत निवेदनाच्या पंधरा प्रती, एक सफरचंद,
आणि घरं बांधणाऱ्या सातशे लोकांचं गाऱ्हाणं
जे दोन मिनिटांत मांडायचंय.

विधेयकाचं चौथं कलम म्हणतं,
प्रत्येक नव्या घराच्या छतात पाण्याचे फवारे
बसवावे लागतील.
मला हवंय, बसवता येतील.
एवढंच. याच कामाचा मला पगार मिळतो.

बाबा ब्यूटमध्ये लाकडी सांगाडे उभे करायचे.
तोंडात खिळे धरून बोलायचे,
म्हणून लहानपणी वाटायचं
मोठ्यांचे शब्द असेच येतात, टोकदार, मोजके.
खिळा वाकला तर ठोकून सरळ करायचा.
फेकायचा नाही.
त्यांनी बांधलेल्या एकशे बारा घरांपैकी
एकही आम्हाला परवडलं नाही.
हे मी साक्षीत नेहमी सांगते. चालतं.

अध्यक्ष ट्विचेलबाई चष्म्यावरून बघतात.
"मिस ओडेगार्ड. दोन मिनिटं."
घरामागे नऊ हजार डॉलर, मी म्हणते.
कालिस्पेलला लाइल व्हॅनॉयकडे एक नर्स आली होती, नवऱ्यासोबत.
चावी हातात घेऊन बघितली,
आणि त्या नऊ हजारांपायी परत ठेवली.
हे खरं आहे. नाव सांगू नका म्हणाली.

मग एमेट ड्रिस्कॉल. निवृत्त बंबवाला.
कागद नव्हता त्याच्याकडे.
पंजा टेबलावर पसरून म्हणाला,
जिना इथे, हा अंगठा.
मूल इथे,
करंगळीच्या पेराशी.
पुढे बोलला नाही.
त्याचं एक मिनिट चाळीस सेकंद उरलं होतं,
ते कुणी मागितलं नाही.

आठ विरुद्ध सहा. माझा शब्द कलमात बसला.
बाहेर लाइलनं पाठ थोपटली, स्टेक खाऊ म्हणाला.
एमेटला कोटाची दुसरी बाही सापडत नव्हती.
मी धरली.
"ओडेगार्ड," तो म्हणाला, "टॉर्गरची मुलगी ना?
त्याच्या एका घरात शिरलोय मी.
छत पडायला वेळ लावला त्या घरानं.
तेवढ्यात तिघं बाहेर आलो."
थँक यू म्हणावं की सॉरी, ते ठरेपर्यंत
तो फिरत्या दारातून गेला.

गाडीत बसले. काचेवर आतून बर्फ.
लागतील काढलं मी कलमातून.
लागायचं ते कुठे थांबतं.
आणि येतील, हा काय शब्द आहे,
जणू कुणी निघालंय:
नर्स येईल, नवरा येईल, खोकी येतील,
एखाद्या रात्री बंबही येईल.

सफरचंद दगड झालं होतं.
ते हीटरसमोर धरून बसले,
वाट बघत.